पाहुण्या घोयऱ्याला घर कसे हवे?

दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या शाळेच्या मागच्या कुंपणावर एक घोयरा राहायला आला आहे. हे आता पहिलीच्या पोरांनासुद्धा ठाऊक आहे. घोयरा म्हणजे साधा सरडा नव्हे. साधा सरडा तुरुतुरु पळतो. घोयरा चालतो तो वाऱ्याने पान हलावे तसा. एक पाऊल पुढे, जरासा मागे, मग परत पुढे. पुस्तकात त्याला शॅमेलिऑन म्हणतात. आपल्या भारतात शॅमेलिऑनची एकच जात आहे, आणि ती म्हणजे हीच.

वर्गात सगळ्यांचे म्हणणे पडले, की त्याला पाळू या. कोणी बुटाचा खोका आणतो म्हणाले, कोणी बिस्किटाची बरणी. गुरुजी म्हणाले, "आधी त्याला काय काय लागतं ते शोधून काढा, मग बोलू." ते काम माझ्याकडे आले. मी आठ दिवस मधल्या सुट्टीत कुंपणाजवळ बसले, गुरुजींच्या पुस्तकात वाचले आणि आमच्या आबांना विचारले. आबांचा सगळा जन्म शेळ्यांमागे गेला, त्यांना माळावरचे सगळे ठाऊक. एक गोष्ट मात्र त्यांची खरी निघाली नाही, ती पुढे सांगते.

पहिले त्याचे पाय बघा. पाच बोटे आहेत, पण दोन जुड्यांत चिकटलेली. पुढच्या पायाला आत तीन, बाहेर दोन. मागच्या पायाला उलटे, आत दोन, बाहेर तीन. आई चुलीवरचं भांडं सांडशीनं धरते ना, अगदी तसा तो फांदी धरतो. शिवाय शेपटीचा वेढा घालतो, म्हणजे पाय सुटला तरी पडत नाही. आता सांगा, बुटाच्या खोक्यात तो काय धरील? त्याला बोटाएवढ्या जाड काटक्या लागतात, आडव्या, उभ्या, तिरप्या, खूप.

दुसरे ऊन. आपले अंग आतून गरम राहते, त्याचे राहत नाही. म्हणून सकाळी प्रार्थनेच्या वेळी तो उन्हाकडे अंगाची एक बाजू करून बसतो, तेव्हा काळपट दिसतो. काळा रंग ऊन जास्त ओढतो. अंग तापले की हिरवा होतो आणि दुपारी पाल्यात आत शिरतो. म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही हाताशी पाहिजे. बरणी उन्हात ठेवली तर तो भाजून मरेल, सावलीत ठेवली तर गारठेल.

रंगाचे सगळ्यांना वाटते तसे नाही बरं का. तो ज्यावर बसेल तसा रंग घेतो, असे नसते. आमच्यातल्या एकाने लाल दप्तर जवळ नेले, तर हा काही लाल झाला नाही. अंगावर काळे ठिपके आले, गळा फुगवला आणि फुस्स केले. रंग बदलतो तो राग, भीती, थंडी, ऊन यांच्यामुळे. २०१५ साली जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या शॅमेलिऑनची कातडी तपासली. तिच्यात अगदी बारीक स्फटिक सापडले. ते जवळ आले किंवा लांब झाले की परत येणारा उजेड बदलतो आणि रंग वेगळा दिसतो.

खाण्याचे तर विचारू नका. त्याची जीभ शेपूट सोडून बाकीच्या अंगापेक्षा लांब असते. एक डोळा माझ्याकडे, दुसरा नाकतोड्याकडे, असे एकाच वेळी बघतो. मग दोन्ही डोळे नाकतोड्याकडे वळले, की समजायचे, गेला! माझ्यासमोर एका सुट्टीत दोन नाकतोडे आणि एक माशी खाल्ली. जीभ बाहेर आलेली मला एकदाच नीट दिसली. त्याला हलणारे, जिवंत किडे लागतात. मग रविवारी कोण आणणार? उन्हाळ्याच्या सुट्टीत कोण? पाणीसुद्धा तो वाटीतले सहसा पीत नाही. पानावरचे दव आणि थेंब चाटतो.

परदेशात काही लोक येमेनचे नाहीतर मादागास्करचे शॅमेलिऑन घरात पाळतात. त्यांना जाळीचा उंच पिंजरा, आत झाड, हाडे मऊ पडू नयेत म्हणून उन्हासारखा खास दिवा, आणि रोज पाण्याचे फवारे द्यावे लागतात. आपल्याकडे तर घोयऱ्याला पकडून ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. मला वाटतं तेच बरं आहे, कारण एवढं सगळं आपल्या कुंपणात फुकट आहे. बोरीच्या काटक्या, शेराची सावली, घोसाळ्याचा वेल, किडे आणि दव.

आता आबांची गोष्ट. आबा म्हणतात, "घोयरा चावला की माणूस वाचत न्हाय." हे खरे नाही. घोयऱ्याला विष नसते. फार छेडले तर चावेल, पण त्याने कोणी मरत नाही. मी सांगितलं तर आबा म्हणाले, "आधी तुझ्या गुरुजीला चावू दे, मग बघू." पण या भीतीपायी लोक त्याला दगड मारतात.

शनिवारी पालकसभा आहे. मागचे कुंपण तोडून, पेटवून तिथे तार ओढायची असे चालले आहे, असे ऐकले. शेळ्या आत येऊन आपली रोपे खातात हे मलाही दिसते, त्यात दोन शेळ्या आमच्याच. तार जरूर ओढा. पण ती आतून ओढली आणि बाहेरचे कुंपण हापशापासून स्वयंपाकघरापर्यंत तेवढे राहू दिले तर दोन्ही कामे होतील. घोयऱ्याची मादी अंडी घालायला खाली उतरून माती उकरते. आपला घोयरा नर की मादी हे मला ओळखता आले नाही. कुंपणाखालच्या मातीत अंडी असली तर पाला पेटवल्यावर ती भाजतील. कीटकनाशकही तिकडे मारू नका, नाहीतर तो खाईल काय?

कधी तो रस्त्यावर दिसला तर हाताने उचलू नका. त्याच्या पुढ्यात काठी आडवी धरा. तो आपण होऊन चढतो, मग ज्या बाजूला निघाला होता त्या बाजूच्या झुडपावर सोडा. अशी एक काठी मी चौथीच्या दाराआड ठेवली आहे. कोणी विटीदांडूला नेऊ नये.