ऋषीची भाजी, जामबाग ते एडिसन

हैदराबादेत पेरूला जाम म्हणतात, तेलुगूत जामपंडु, आणि आमच्या आजोळी नांदेडकडे जांब. पुण्याच्या आतेभावाला मात्र जाम म्हटलं की पांढरट, पाणीदार, घंटेच्या आकाराचं फळ आठवतं. आमचं घर जामबागेत, त्यामुळे हा वाद दर उन्हाळी सुट्टीत ठरलेला. एका वस्तूला तीन नावं आणि एका नावाच्या दोन वस्तू, हे आपल्यासारख्या इथल्या मराठी घरांना नवीन नाही. मला त्याचा खरा उपयोग झाला तो न्यू जर्सीत.

आमच्या घरून विवेक वर्धिनी चालत पाच मिनिटं. फुलं जामबागेतच मिळतात. फळांसाठी आजोबा मोजमजाही मार्केटला जायचे. 1935 साली बांधलेल्या त्या दगडी इमारतीतून फळांचा घाऊक बाजार नंतर कोत्तापेटला हलला आणि 2021 मध्ये तिथूनही बाटासिंगारमला गेला. भाजी आणायची बडी चौडीतून, आणि ते काम आजीचं. ती भाजीवालीला विचारायची, "अम्मा, बीरकाया कैसा दिये?" आणि घरी येऊन आईला सांगायची, "दोडके कोवळे आहेत गं, शिरा फेकू नकोस, चटणी कर." तोंडली म्हणजे दोंडकाया, पडवळ म्हणजे पोटलकाया, कारलं म्हणजे काकरकाया. चुका तेवढा दोन्हीकडे जवळपास सारखा, चुक्ककूर. अंबाडीला आंध्रवाले गोंगूरा म्हणतात, तेलंगणातले पुंटिकूरा, आणि दखनीत ती अंबाडे की भाजी. दखनीने आपला शब्द उचलला की आपण तिचा, यावर आजोबांचं एक लांबलचक भाषण होतं, ते इथे देत नाही.

या सगळ्या ज्ञानाची परीक्षा वर्षातून एकदा व्हायची, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातल्या आणि वेलावरच्या भाज्या एकत्र करायच्या. अळू, माठ, अंबाडी, दोडका, पडवळ, भेंडी, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, वर चिंचेचा कोळ. घराघरांत यादी थोडी बदलते. आमच्याकडे अळू आणि पडवळाशिवाय ती भाजी ऋषीची मानत नाहीत. इथे अळूचे कंद, चामगड्डा, वर्षभर मिळतात. पानं मात्र आठवडाभर आधी सांगून ठेवावी लागतात, आणि तीही काळपट देठाची, वडीची.

कंपनीने मला दोन वर्षांसाठी एडिसनला पाठवलं, तेव्हा पहिल्याच भाद्रपदात आईचा व्हिडिओ कॉल आला, "तुला तिकडे ऋषीची भाजी कुठली मिळणार?" ओक ट्री रोडवर गेलो तर भाज्यांवरच्या पाट्या इंग्रजी अक्षरांत, पण भाषा गुजराती! दुधी, गुवार, तिंडोरा, तुरिया, पात्रा. अमेरिकेतल्या आपल्या किराणा दुकानांचा पाया बहुतेक गुजराती कुटुंबांनी घातला. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान 1974 साली शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर निघालं. दुधी आणि गुवार वाचताना मराठी माणसाला आपल्याच गल्लीत आल्यासारखं वाटतं. तिंडोरा म्हणजे तोंडली आणि पात्रा म्हणजे अळू, हे मात्र भाजी हातात घेऊनच कळतं. माझ्याबरोबरचे गुंटूरचे दोघे दोंडकायाच्या शोधात दोन आठवडे तिंडोऱ्यासमोरून फिरत होते.

जे तिथे मिळालं नाही ते चिनी दुकानात मिळालं. तिथे दुधीला ओपो म्हणतात, दोडक्याला चायनीज ओक्रा (भेंडीशी काही संबंध नाही), कोहळ्याला विंटर मेलन. चिनी कारलं फिकट आणि गुळगुळीत असतं, भरल्या कारल्याला ते चालत नाही. सगळ्यात फसवा शब्द कॅरिबियन दुकानातला, कॅलालू. जमैकाच्या माणसाकडे कॅलालू मागितलं तर माठ मिळतो, त्रिनिदादच्या माणसाकडे अळूची पानं. आपल्याला दोन्ही हवेत, म्हणून माझी तक्रार नाही. आणि पेरू मेक्सिकन दुकानात, गुआयाबा या नावाने. तो मूळचा अमेरिका खंडातलाच, त्यामुळे तिथे परका तोच नव्हता, मी होतो.

काही गोष्टी पैसे मोजूनही मिळत नाहीत, आणि त्यामागे कारणं असतात. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. लिंबू-संत्र्यांच्या बागा मारणारा ग्रीनिंग रोग ज्या बारीक किडीमुळे पसरतो ती त्यावर जगते. फ्लोरिडात हा रोग 2005 मध्ये सापडला. म्हणून बॅगेतून ताजा कढीपत्ता नेऊ नका, आईने कितीही प्रेमाने बांधून दिला तरी. भारतीय आंबाही अमेरिकेत 2007 पासूनच पुन्हा येऊ लागला, लासलगावच्या केंद्रात विकिरण झाल्यावर. युरोपची गोष्ट तर थेट ऋषिपंचमीशी भिडते. 2013 मध्ये भारतातून गेलेल्या 207 खेपांत फळमाशी वगैरे कीड सापडली आणि मे 2014 पासून हापूसबरोबर चार भाज्यांवर बंदी आली. वांगी, कारली, पडवळ आणि अळू. आंबा 2015 च्या हंगामात सुटला, भाज्या अडकून राहिल्या. बातम्या सगळ्या हापूसच्या झाल्या, पडवळासाठी कोण रडतं?

त्या वर्षी एडिसनमध्ये मी भाजी केली. पडवळ आणि सुरण फ्रोझन, बाकी ताजं. फ्रोझनमध्ये खोबरं, शेवगा आणि तुरीचे दाणे चांगले निघतात. तोंडलीचा मात्र लगदा होतो, घेऊ नका. बैलाचा नियम आपोआप पाळला गेला, तिथे नांगरायला ट्रॅक्टरच असतो.

आता परत आल्यावर वेगळंच दिसतं. माझी पुतणी मोबाइलवरून दहा मिनिटांत भाजी मागवते, आणि ॲपवर असतं रिज गोर्ड, स्नेक गोर्ड, आयव्ही गोर्ड. बडी चौडीला ती गेलेली नाही. तिला बीरकाया माहीत नाही आणि दोडकाही नाही. उद्या तीही कुठेतरी शिकायला जाईल, आणि तिथल्या दुकानात तिला ओळखीचं काय सापडेल? म्हणून आई आणि मी एक तक्ता करायला घेतला आहे. भाजीचा फोटो, मग मराठी, तेलुगू, दखनी, गुजराती आणि चिनी दुकानातलं नाव. चाळीस ओळी झाल्या. पुतणीला फोटो काढायचं काम दिलंय, त्यामुळे दर रविवारी तिला आईबरोबर बाजारात जावंच लागतं. मागच्या रविवारी तिने माठ आणि मायाळू समोरासमोर ठेवून वेगळे ओळखले.

एडिसनची आत्या आता अळू विकत घेत नाही. दुकानातले अर्वीचे कोंब आलेले चार कंद ती मे महिन्यात, थंडी पूर्ण सरल्यावर, कुंडीत लावते. कुंडी उन्हात, माती सतत ओली. भाद्रपदापर्यंत वडीजोगी पानं होतात. खाज असतेच, म्हणून चिंच सढळ घालते. पहिलं हिव पडायच्या आत कंद काढून, पुसून, कागदात गुंडाळून तळघरात ठेवते, पुढच्या मेसाठी.