दोरी नसलेला पतंग

कनेरगाव नाक्याजवळ कापूस घेणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : कामगंध सापळ्यातल्या इवल्या गोळीचा वास बोंडअळीच्या नर पतंगाला ओढून आणतो म्हणे, पण वारा कुठून येतोय हे त्याला रात्री कळतं कसं?

आधी ते ‘ओढून आणतो’ खोडू या. जाहिरातीत ते शोभतं. वास एवढंच सांगतो की मादी आहे, वाऱ्याच्या तोंडावर चल. ते तोंड पतंगाला स्वतः शोधावं लागतं.

आपल्या भाषेनं कागदी आणि जिवंत, दोघांनाही पतंगच म्हटलंय. कागदी पतंगाला वारा लागतो तो दोरीमुळे. काटला की तो वाऱ्याबरोबर वाहत जातो, त्याच्यापुरता वारा उरतच नाही. जिवंत पतंग तर जन्माचा काटलेला! मिशांना हवा लागते, पण ती त्याच्याच वेगाची. वारा पडलेला असताना मोटारसायकल पिटाळली तरी तोंडावर वारा येतोच की, तसं.

त्याची दोरी म्हणजे डोळे. खालची जमीन तिरकी सरकू लागली, की वारा आपल्याला बाजूला नेतोय हे त्याला उमगतं. हे दाखवलं कीटकशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी, १९४० साली, डासांवर. वाऱ्याच्या बोगद्यात तळाशी सरकते पट्टे ठेवले, तर पट्ट्यांच्या हिशेबानं डास तोंड फिरवू लागले. १९७४ मध्ये त्यांनी आणि मार्श यांनी साठवणीच्या धान्यात होणाऱ्या पतंगांवर हाच डाव टाकला. गंध तुटला की नर आडवी नागमोडी घेत तो पुन्हा हुडकायचे. रेशीमकिड्याच्या कामगंधाचं रसायन ओळखणारे बुटेनांट सर्वांना ठाऊक असतात. केनेडींचं नाव मात्र क्वचितच निघतं. माझ्या मते निम्मं श्रेय त्यांचं.

म्हणून मिशा बिनकामाच्या नव्हेत. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत तरुणी रॉय खुराना आणि संजय साने यांनी २०१६ मध्ये मधमाशीवर दाखवलं, की समोरून हवा वाढली की मिशा पुढे येतात, आणि दृश्य मागे सरकू लागलं की मागे जातात. दोन्ही खबरींचा मेळ तिथं बसतो.

तेव्हा गंध वाऱ्यावर जायला हवा, म्हणून सापळा पिकात दडवू नका. कपाशीच्या शेंड्याच्या फूट-दीडफूट वर, मोकळ्या वाऱ्यात टांगा. आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग सापडले, तर फवारणीचं बघा.