विश्लेषण : माळ्यावरचा गळ पुन्हा पाण्यात... कमी खर्चात मासेमारीच्या छंदाकडे कसे परतायचे?

बांबूची काठी, हातभर तंगूस, एक गळ आणि नारळाच्या करवंटीत चार गांडुळे. एवढ्या भांडवलावर ओढ्याकाठी, तळ्याकाठी किंवा खाडीवर अख्खी दुपार घालवलेली पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. यातील अनेकांना हा छंद पुन्हा सुरू करावासा वाटतो. पण मोबाइलवरच्या चित्रफितींत दिसणारे महागडे रॉड, रील आणि रंगीबेरंगी कृत्रिम आमिषे पाहून हा श्रीमंतांचा खेळ झाला, असा समज होतो. खरेच एवढा खर्च लागतो का? जुनी सामग्री चालते का? कुठे बसता येते आणि कुठे नाही? थोडक्यात आढावा...

गळाने मासे पकडण्याचा छंद किती जुना?

गळाने मासे धरणे ही इंग्रजांची देणगी असल्याचे अनेकदा सांगितले जाते. रॉड, रील आणि क्लब ही त्याची आजची रीत बरीचशी त्यांच्या काळात रुळली, हे खरे. मात्र छंद त्याहून बराच जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असा स्वतंत्र भाग आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचे खाद्य आणि गळ यांची माहिती त्यात येते. कोकणात याला ‘गरवणे’ म्हणतात आणि गळाला ‘गरी’. खाडीकाठच्या गावांत संध्याकाळी गरवायला जाणे हा आजही छंद आहे आणि रात्रीच्या कालवणाची सोयही.

माळ्यावरची जुनी सामग्री चालेल का?

बरीचशी चालते, मात्र तपासून. सर्वात आधी तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी फेकून द्यावी. ती वरून चांगली दिसली तरी ऊन, उष्णता आणि वर्षानुवर्षे रिळावर गुंडाळून राहिल्याने कमकुवत आणि वेटोळी झालेली असते. मोठा मासा निसटण्यामागे बहुतेक वेळा जुनी दोरी किंवा कच्ची गाठ असते.

रॉडच्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. कापसाचे तंतू अडकले, तर त्या कडीला बारीक तडा आहे आणि ती नवी दोरी कापणार. रील गोड्या पाण्याने हलके धुऊन, पुसून, सुकवून त्याच्या फिरत्या भागांत थेंबभर तेल आणि गिअरमध्ये थोडे ग्रीस घालावे. हँडल फिरवताना खरखर येत नसेल आणि दोरी ओढल्यावर ड्रॅग, म्हणजे दोरी ताणाखाली सोडणारा ब्रेक, झटके न देता सरकत असेल, तर रील कामाचे आहे. गंजलेले गळ घासत बसू नयेत. नवे पाकीट स्वस्त पडते.

नव्याने घ्यायचे तर किमान काय लागते?

सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे हातगळ. लाकडी फिरकी किंवा रिकाम्या बाटलीला गुंडाळलेले ५० मीटर तंगूस, दोन-तीन गळ आणि शिशाचे वजन. दीड-दोनशे रुपयांत हे जमते. खाडीवर आणि धक्क्यावर अनुभवी मंडळी आजही हेच वापरतात. माशाची हालचाल थेट बोटाला कळत असल्याने शिकण्यासाठी यापेक्षा चांगले साधन नाही.

रॉड-रील हवेच असेल, तर सहा ते सात फुटांचा मध्यम ताकदीचा फायबरग्लास रॉड आणि ३००० किंवा ४००० क्रमांकाचे साधे स्पिनिंग रील पुरेसे ठरते. तळे, नदी आणि खाडी, तिन्हीकडे ही जोडी चालते. साधारण हजार ते दोन हजार रुपयांत ती मिळते. दुमडून पिशवीत मावणारा टेलिस्कोपिक रॉड प्रवासाला सोयीचा. फक्त त्याचे सांधे वाळूपासून जपावे लागतात. फायबरग्लास कार्बनपेक्षा जड असतो, पण आपटणे-धोपटणे सहन करतो. परतणाऱ्यासाठी हा गुण महत्त्वाचा.

उरलेले सामान छोट्या डब्यात मावते. ०.३० मिमीच्या आसपासचे तंगूस, लहान-मध्यम गळांची दोन पाकिटे, शिशाची वजने, तरंड, दोरीला पीळ पडू न देणाऱ्या दोन-चार फिरक्या, पक्कड आणि नखकटर. कृत्रिम आमिषांचा संच पहिल्या महिन्यात घेऊच नये. पैसे तिथेच जातात आणि दगडात अडकून तीच आधी हरवतात.

कोणत्या गोष्टीत काटकसर नको?

दोरी आणि गळ. रॉड स्वस्त असला तरी मासा निसटत नाही. बोथट गळाने मात्र निसटतो. गळाचे टोक नखावर हलके ओढून पाहावे. ओरखडा उमटला तर धार आहे, घसरला तर नाही.

याहून मोलाच्या दोन गोष्टी फुकट आहेत. पहिली, गाठ. दोरी गळाच्या डोळ्यातून ओवून तिच्याच भोवती पाच-सहा पीळ द्यावेत, टोक डोळ्याजवळच्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून काढावे, थुंकीने किंवा पाण्याने ओले करून सावकाश आवळावे. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि तिथेच दोरी कमजोर होते.

दुसरी, ड्रॅग. तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश ताणावर सरकायला हवा. पाकिटावर सहा किलो लिहिले असेल, तर दीड ते दोन किलोवर. त्यासाठी वेगळा काटा नको. दोरीला दीड लिटरची पाण्याची भरलेली बाटली बांधून रॉडने उचलावी. बाटली जेमतेम उचलली जाऊन दोरी हळूहळू सरकू लागली, की ड्रॅग बरोबर बसला.

सुरुवात कोणत्या माशापासून करावी?

गोड्या पाण्यात चिलापी, म्हणजे तिलापिया, हा परतणाऱ्याचा पहिला मित्र. तो काठाजवळ फिरतो, दिवसा खातो आणि गांडूळ किंवा कणकेच्या गोळीवर येतो. लहान गळ, तरंड आणि दोन-तीन फूट खोली एवढे पुरते. कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी शेंगदाण्याची पेंड, भाजलेले बेसन आणि गूळ यांचा गोळा वापरतात. इथे मात्र तासन्तास बसायची तयारी हवी. शिंगाळा आणि मरळ यांना मांसाहारी आमिष लागते.

खाडीत कोळंबीचा तुकडा हे सर्वांना चालणारे आमिष. त्यावर शिंगाळा, तांबोशी, गोब्रा, नशीब असेल तर जिताडाही लागतो. बोय मात्र कणीक-पावावर येते आणि तिच्यासाठी गळ अगदी बारीक लागतो. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा खोल जखम करतो. त्यामुळे तो फडक्यात धरूनच पकडीने गळ सोडवावा.

खाडीवर जायची वेळ कशी ठरवायची?

मोबाइलवर भरती-ओहोटीची वेळ मिळते. पण किनाऱ्यावरची जुनी मंडळी ती तिथीवरून काढतात. हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी नऊच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून. चंद्र रोज साधारण ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज जवळपास पाऊण तास पुढे सरकते. या आडाख्यामागचे शास्त्र एवढेच. स्थानिक फरक पडत असल्याने त्या दिवसाचे तक्ते पाहून खात्री करावी.

मासा खातो तो पाणी हलत असताना. भरती चढताना तो खाद्यामागे काठाकडे येतो, पाणी थबकले की थांबतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त, म्हणून वजनही जड लागते. सप्तमी-अष्टमीच्या भांगात पाणी संथ असते. नवख्या हाताला भांगाचे दिवस सोपे जातात.

कुठेही गळ टाकता येतो का?

नाही. हा भाग अनेकांना ठाऊक नसतो. राज्यातील बहुतांश धरणे आणि तलावांतील मासेमारीचा हक्क ठेक्याने दिलेला असतो, प्रामुख्याने मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना. या संस्था स्वखर्चाने बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, पाण्यात सोडतात. त्यामुळे तिथला कटला हा कुणाच्या तरी वर्षभराच्या कमाईचा भाग असतो. आधी संस्थेच्या माणसाला भेटून विचारावे. काही ठिकाणी शुल्क घेऊन बसू देतात, काही ठिकाणी नकार मिळतो. नकार मान्य करावा. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनमार्फत हा छंद जोपासला जातो. तिथे सभासदत्व आणि नियम पाळावे लागतात. त्या तलावात मगरीही आहेत.

अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ लागू असल्याने मासेमारीला मनाई आहे. रायगडमधील महाडजवळचा वाळण कोंड, पालघर जिल्ह्यात वैतरणेकाठचे तिळसे अशा देवस्थानांच्या डोहांतील मासे श्रद्धेने राखलेले आहेत. महाशीरसारखा संकटातील मासा तिथे टिकला, तो याच धाकाने. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे तर १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी यांत्रिक नौकांसाठी असते. काठावरून गळ टाकणाऱ्याला ती थेट लागू नसली, तरी त्यामागचे कारण लागू पडते. हा अनेक माशांच्या विणीचा काळ. पहिल्या पावसात ओढ्यांत चढणारे, म्हणजे वलगणीचे मासे अंडी घालण्यासाठीच निघालेले असतात. ते पकडणे सोपे असते, म्हणूनच सोडणे गरजेचे.

धोका नेमका कुठे असतो?

अनेक दुर्घटना मासा ओढताना नव्हे, तर परतीच्या वाटेवर घडतात. ओहोटीत खडकावर चालत जाऊन बसलेला माणूस समोरच्या पाण्याकडे पाहत राहतो आणि भरती मागच्या घळीतून भरते. वाट बंद झाल्याचे उशिरा कळते. म्हणून बसण्याआधी मागे वळून पाहावे. परतीच्या वाटेवर शेवाळ किंवा ओली खूण दिसत असेल, तर ती भरतीत बुडते. पाणी चढू लागले, की मासा लागत असला तरी उठावे. पावसाळ्यात खडकावर जाऊच नये.

धरणाच्या खालच्या पात्रात पाणी अचानक सोडले जाते. भोंगा वाजला, की सामान सोडून वर यावे. विजेच्या तारांखाली रॉड उभा धरणे जीवघेणे ठरू शकते. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, ओल्या दोरीचाही भरवसा नाही. ढग गडगडू लागताच रॉड आडवा करून निघावे. एकट्याने जाऊ नये, घरी जागा सांगून जावे आणि मुले सोबत असतील तर त्यांना जीवरक्षक जाकीट घालावे. स्वस्त रॉड घेऊन वाचलेले पैसे इथे खर्च करावेत.

लागलेल्या माशाचे काय करायचे?

खायचा तेवढाच ठेवायचा, हा साधा नियम. राज्य सरकारने २०२३ मध्ये समुद्री माशांच्या ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवला. पिल्ले वाढून एकदा तरी विणावीत हा त्यामागचा हेतू. सोडायचा असेल तर हात ओले करून मासा धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवला, तर मासा क्षणात सुटतो आणि चुकून बोटात रुतलेला गळही सहज निघतो.

अपवाद परकीय माशांचा. आफ्रिकन मांगूर किंवा मत्स्यालयातून नदीत आलेला सकर मासा लागला, तर तो पुन्हा पाण्यात सोडू नये. स्थानिक माशांची अंडी आणि जागा हे मासे बळकावतात. शहराचे सांडपाणी मिसळणाऱ्या नदीतला मासा मात्र कोणताही असो, ताटात घेऊ नये.

उठताना तुटलेले तंगूस गोळा करून घरी आणावे. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही आणि बगळ्या-पाणकावळ्यांचे पाय त्यात अडकतात. दहा मिनिटांचे काम आहे. पुढच्या रविवारी त्याच जागी बसू देतील की नाही, हे बऱ्याचदा त्यावरच ठरते.