भरल्या पास्त्याचे पोषणमूल्य : पालक, पनीर आणि खारपाण पट्टा

गव्हाच्या पिठाच्या पारीत पालक व चीज यांचे सारण भरून ते उकळत्या पाण्यात शिजविण्याचा प्रघात इटलीत जुना आहे. तेथे या पदार्थास राव्हिओली म्हणतात व सारणात बहुधा रिकोटा हे मऊ चीज घालतात. वऱ्हाडी स्वयंपाकघरास ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. काडीभोवती कणीक वळून केलेले पोकळ सरगुंडे आणि वरणात शिजविलेली फळे ही त्याच कुळातील होत. महाराष्ट्रात नागपंचमीस होणारे पुरणाचे दिंड तर त्याहून निकटचे. रिकोट्याच्या जागी दूध फाडून केलेले पनीर घेतले, तर हा पदार्थ संग्रामपूरच्या चुलीवरही सहज होऊ शकेल. मात्र त्याचे पोषणमूल्य कसे ठरवावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही.

घटकांची केवळ बेरीज केली, तर चित्र आकर्षक दिसते. १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने व ४५० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तेवढ्याच कच्च्या पालकात सुमारे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम व ३ मिलिग्रॅम लोह मिळते. शिवाय फोलेट व बीटा-कॅरोटीनही भरपूर असते. गव्हाच्या प्रथिनांत लायसीन या आवश्यक अमिनो आम्लाची उणीव असते; ती दुधाच्या प्रथिनांनी भरून निघते. पनीरमधील स्निग्धांशामुळे बीटा-कॅरोटीनच्या शोषणास साहाय्य होते. येथवर एक घटक दुसऱ्याचे बळ वाढवितो.

परंतु पालकात ऑक्झॅलिक आम्लही विपुल असते. ते कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा क्षार बनविते. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दुधातील सुमारे २८ टक्के कॅल्शियम शरीरात शोषले गेले, तर पालकातील केवळ ५ टक्के. म्हणजे कोष्टकात दिसणारे पालकातील कॅल्शियम बव्हंशी नाममात्र होय. पालक पनीरसह खाल्ल्यास पनीरमधील कॅल्शियमचा काही अंशही या संयोगात खर्ची पडतो. लोहाचीही अशीच गत आहे. वनस्पतिजन्य लोह मुळात अल्प प्रमाणात शोषले जाते व कॅल्शियम त्यास आणखी अडथळा करते. लिंबू किंवा टोमॅटो यांतील क जीवनसत्त्व मात्र त्यास हातभार लावते.

वाक्य हेच अर्थाचे अखंड एकक होय, सुटी पदे ही विश्लेषणाची सोय होय, असे भर्तृहरीने प्रतिपादिले. आहाराच्या बाबतीतही हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे. कोष्टक हा आहाराचा कोश होय. कोशातील अर्थ वाक्यात जसाच्या तसा उतरत नाही, तद्वत् कोष्टकातील आकडा ताटात जसाच्या तसा उतरत नाही. शिवाय वाक्यास श्रोता असतो, तसा ताटास भोक्ता असतो.

हा भोक्ता संग्रामपूर तालुक्यातील असेल, तर विचारास वेगळे वळण लागते. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस पूर्णेचे खोरे असलेल्या या तालुक्याचा मोठा भाग खारपाण पट्ट्यात मोडतो. येथील भूजल क्षारयुक्त असून मूत्रपिंडविकारांच्या तक्रारी गावागावांतून वर्षानुवर्षे पुढे येत आहेत. मूतखड्यांचा सर्वाधिक आढळणारा प्रकार कॅल्शियम ऑक्झॅलेटचा असतो. त्यामुळे पालक या भागात निषिद्धच मानावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, येथेच पनीरचे दुसरे कार्य दिसून येते. ज्या संयोगामुळे कॅल्शियम वाया जाते, त्याच संयोगामुळे ऑक्झॅलेट आतड्यातच अडकून मलावाटे बाहेर पडते व मूत्रात कमी उतरते. पोषणाच्या हिशेबात जो तोटा, तोच मूत्रपिंडाच्या हिशेबात लाभ ठरतो.

पाककृतीचाही यात वाटा आहे. पालक भरपूर पाण्यात उकळून, पिळून, ते पाणी टाकून दिल्यास विद्राव्य ऑक्झॅलेटचा बराच अंश निघून जातो. त्याबरोबर काही फोलेट व पोटॅशियमही जाते. बाजारातील प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मीठ पुष्कळ असते. ज्यांच्या पिण्याच्या पाण्यातूनच सोडियम पोटात जाते, त्यांना घरचे बिनमिठाचे पनीर अधिक हितावह होय. मूत्रपिंडाचा विकार जडलेल्यांस मात्र पनीरमधील फॉस्फरस व पालकातील पोटॅशियम हे दोन्ही जाचक ठरू शकतात. त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून हा आहार घेऊ नये.

सारांश, निरोगी वाढत्या मुलास हा पदार्थ लिंबाच्या फोडीसह उत्तम अन्न आहे, मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यास पनीरविना नुसत्या पालकापेक्षा तो बरा आहे, आणि मूत्रपिंड दुबळे झालेल्यास तोच अपायकारक होऊ शकतो. पोषणमूल्य हा पदार्थाच्या अंगचा स्थिर गुण नसून घटक, कृती व भोक्ता यांच्या परस्परसंबंधातून सिद्ध होणारे मूल्य आहे, हे ओळखूनच आहारविषयक कोष्टकांचे वाचन व्हावयास हवे.