स्टील गिटारसाठी कोणते इफेक्ट घ्यायचे? आधी फोनवर तपासा, मग पैसे घाला

यूट्यूबवर किंवा रीलमध्ये तुम्ही हे वाद्य नक्की बघितलं असेल. माणूस खुर्चीवर बसलाय, समोर टेबलासारखी आडवी गिटार आहे, डाव्या हातात गुळगुळीत लोखंडी दांडी आहे आणि सूर पाण्यासारखा एका स्वरावरून दुसऱ्यावर वाहत जातोय. ही स्टील गिटार. तो आवाज ऐकला की बऱ्याच जणांच्या मनात पहिला विचार येतो, "याने नक्की भारी इफेक्ट लावलेत." मग शंभर-दोनशे प्रीसेट असलेलं मल्टी-इफेक्ट ऑनलाइन मागवलं जातं, आणि घरी लावल्यावर वाजवणं उलट बेसूर वाटायला लागतं.

बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावात राहत असाल तर अडचण आणखी मोठी आहे. दहा पेडल पायाखाली घेऊन, वाजवून, कान देऊन निवडायची सोय जवळपास नसते. त्यासाठी नांदेड, निजामाबाद नाहीतर थेट हैदराबाद गाठावं लागतं. म्हणून बहुतेक जण फोटो आणि रिव्ह्यू बघून ऑर्डर करतात. पण जवळपास प्रत्येक इफेक्ट आधी फोनवर तपासता येतो. फक्त काय तपासायचं ते माहीत पाहिजे. आज आपण तेच बघू.

आधी वाद्य समजून घेऊ

नावांचा थोडा गोंधळ आहे, तो आधी मिटवू.

हवाईयन गिटार किंवा लॅप स्टील: मांडीवर आडवी ठेवून दांडीने वाजवायची गिटार. ही पद्धत १९व्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवर सुरू झाली आणि जोसेफ केकुकु यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. आपल्याकडे साधी गिटार घेऊन, तारा पडद्यांपासून थोड्या उंच करूनही ती वाजवली जाते.

पेडल स्टील: याच घराण्यातलं मोठं भावंड. पाय असलेल्या चौकटीवर बसवलेलं, साधारण १० तारांचं. खाली पायाने दाबायचे पेडल आणि गुडघ्याने ढकलायच्या पट्ट्या असतात. त्यांनी वाजत असलेल्या तारेचा स्वर बदलतो. भारतात हे वाद्य फार कमी दिसतं.

लक्षात ठेवा, हे पेडल वेगळे आणि इफेक्टचे पेडल वेगळे. पहिले स्वर बदलतात, दुसरे आवाजाचा पोत बदलतात. या लेखात आपण दुसऱ्यांबद्दल बोलतोय. दोन्ही वाद्यांत सूर दांडीनेच सरकतो, त्यामुळे इफेक्टचे नियमही तेच.

हा आवाज आपल्याला परका अजिबात नाही. मुंबईच्या फिल्म संगीतात व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांची गिटार गाजली. शिपले यांनी पुण्याचे अ‍ॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्यासोबत हिंदी गाण्यांच्या धूनच्या रेकॉर्ड केल्या. शास्त्रीय संगीतात ब्रिजभूषण काब्रा यांनी हे वाद्य रुजवलं. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या बरोबरीने काब्रांची गिटार आहे.

खरा मुद्दा: मींड

साध्या गिटारवर बोट पडद्यामागे पडतं आणि स्वर पायरी चढल्यासारखा बदलतो. सा, मग थेट रे. स्टील गिटारवर पायऱ्या नाहीत, उतार आहे. सा आणि रे यांच्या मधला प्रत्येक सूर वाजतो. आपल्याकडे यालाच मींड म्हणतात आणि या वाद्याचा जीव त्यातच आहे.

बाजारातले बहुतेक इफेक्ट आणि त्यांचे प्रीसेट मात्र पडद्यावाल्या गिटारसाठी बनवलेले असतात. फरक कुठे पडतो ते आकड्यांत बघा.

समजा तुमचा सा २४० हर्ट्झवर आहे आणि रे २७० हर्ट्झवर. तुम्ही ४०० मिलिसेकंदात सा वरून रे वर सरकलात. २०० मिलिसेकंदाचा डिले चालू आहे, म्हणजे प्रत्येक आवाज तेवढ्या वेळाने परत ऐकू येतो. तुमचा हात बरोबर रे वर पोचला त्या क्षणी डिले काय वाजवतोय? तुम्ही २०० मिलिसेकंदांपूर्वी जिथे होतात तो सूर, म्हणजे साधारण २५५ हर्ट्झ. हा सा पण नाही आणि रे पण नाही. २७० आणि २५५ एकत्र वाजले की सेकंदाला १५ वेळा थरथर ऐकू येते. कानाला वाटतं, रे बेसूर लागला.

तुमचा हात बरोबर होता. गोंधळ इफेक्टने केला. शिकणाऱ्याला हे कळत नाही. तो एकतर स्वतःच्या हाताला दोष देतो, नाहीतर आणखी महाग पेडल घेतो. म्हणून स्टील गिटारला एकच कसोटी लावायची: इफेक्ट लावल्यावर मींड स्पष्ट ऐकू येते का?

एकेक इफेक्ट, मींडच्या नजरेतून

१. वॉल्यूम पेडल. याला इफेक्ट म्हणावं की नाही यावर वाद होऊ शकतो, पण पहिली खरेदी हीच. तार छेडली की आवाज लगेच उतरायला लागतो. पेडल अर्धवट दाबून सुरुवात करायची आणि आवाज उतरेल तसं हळूहळू पुढे दाबत जायचं. सूर एकसारखा लांबतो, गळ्यातून आल्यासारखा वाटतो. पेडल स्टील वाजवणारे उजवा पाय बहुतेक वेळ यावरच ठेवतात. सुराच्या उंचीला हा हात लावत नाही, त्यामुळे मींड पूर्ण सुरक्षित.

२. रिव्हर्ब. खोली, हॉल किंवा देवळाच्या सभामंडपात आवाज जसा घुमतो तसा परिणाम. यातही जुने सूर मागे रेंगाळतात, पण ते विखुरलेले असतात, त्यामुळे डिलेइतके टोचत नाहीत. घुमण्याचा वेळ दीड-दोन सेकंद आणि प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास ठेवून सुरुवात करा. आणि जागा बघा. पत्र्याच्या मंगल कार्यालयात आधीच भरपूर घुमतं, तिथे रिव्हर्ब जवळपास बंद. उघड्या मैदानात थोडा वाढवा.

३. डिले. वर बघितलं तसा हाच सगळ्यात धोक्याचा, पण नीट लावला तर सुंदर. तीन गोष्टी सांभाळा. परत येणारा आवाज मूळ आवाजाच्या खूप खाली ठेवा, प्रमाण १५ टक्के धरून चाला. त्याचा टोन मंद करा, म्हणजे कान त्याला वेगळा सूर समजत नाही. आणि पुनरावृत्ती एक किंवा दोनच. वेळ लयीशी जुळवायची असेल तर ६०,००० ला एका मिनिटातल्या मात्रांनी भागा. मिनिटाला ९० मात्रांच्या भजनासाठी ६०,००० भागिले ९०, म्हणजे सुमारे ६६७ मिलिसेकंद. त्याच्या निम्मे, ३३३ सुद्धा चालतात.

४. कॉम्प्रेसर. मोठा आवाज दाबतो आणि लहान उचलतो, त्यामुळे सूर लांबतो. पण दांडी तारेवर घासल्याची सरसर आणि वायरची गुणगुणही तो तितक्याच प्रेमाने उचलतो. हलका ठेवा, २:१ ते ३:१. वॉल्यूम पेडलवर पाय बसला की याची गरज कमी होते.

५. ओव्हरड्राइव्ह. आवाज फाटल्यासारखा, रॉक गिटारसारखा करतो. एकच तार वाजवत असाल तर मींड आणखी उठून दिसते. अमेरिकेतल्या चर्चच्या स्टील परंपरेतून आलेल्या रॉबर्ट रँडॉल्फ यांचं वादन ऐका, लगेच कळेल. पण दोन-तीन तारा एकत्र छेडल्या तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवेच सूर तयार होतात आणि चिखल होतो. नियम सोपा: एक तार असेल तर चालू, जास्त असतील तर बंद.

६. कोरस. मूळ आवाजाची किंचित वर-खाली होणारी नक्कल त्यातच मिसळतो. म्हणजे सूर मुद्दाम थोडा डळमळीत करतो. ज्या वाद्यात सूर हाताने शोधायचा असतो तिथे हे डोक्याला ताप. शिकत असाल तर सोडून द्या.

७. ऑटोट्यून. याला सरळ नाही म्हणा. तो प्रत्येक सूर ओढून जवळच्या स्वरावर बसवतो. म्हणजे तुमच्या उताराच्या पुन्हा पायऱ्या करतो.

कोण आधी, कोण नंतर?

क्रम चुकला की चांगले इफेक्टही वाईट वाजतात. सोपा क्रम असा: गिटार, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, वॉल्यूम पेडल, डिले, रिव्हर्ब, मग अँप.

वॉल्यूम पेडल डिले-रिव्हर्बच्या आधी का? पेडल बंद केलं तरी मागचा घुमारा आपल्या गतीने विरत जातो. तेच पेडल शेवटी लावलं तर घुमारा कात्रीने कापल्यासारखा तुटतो.

फोनवर सेटअप कसा करायचा?

आयफोनवर गॅरेजबँड फुकट मिळतं. बँडलॅब अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं. दोन्हींत गिटारचे इफेक्ट आहेत. फक्त चार गोष्टी सांभाळा.

- गिटारला पिकअप असेल तर ती फोनला थेट जोडू नका. पिकअपचा सिग्नल कमजोर असतो आणि आवाजाची चमक जाते. इन्स्ट्रुमेंट इनपुट असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस वापरा. अँपचं स्पीकर आउटपुट तर फोनला कधीच जोडायचं नाही, फोन जळू शकतो.
- ब्लूटूथ हेडफोन नको, वायरचे घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज सहज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्या हिशोबाने २०० मिलिसेकंद म्हणजे स्पीकर जवळपास ७० मीटर लांब ठेवून वाजवणं. दांडी कुठे थांबवायची हे स्टील गिटारवर कान ठरवतो, त्यामुळे उशीर इथे जास्तच नडतो.
- अ‍ॅपमध्ये बफर साइज निवडता येत असेल तर लहान ठेवा. ४८,००० च्या सॅम्पल रेटवर २५६ चा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद. आत येताना आणि बाहेर जाताना मिळून १० च्या वर थोडं. तेवढं चालतं. आवाज तुटायला लागला तर बफर एक पायरी वाढवा.
- साध्या गिटारचा आवाज माइकने घेत असाल तर नॉईज सप्रेशन बंद करा. ते माणसाच्या बोलण्यासाठी असतं. लांब, स्थिर सूर त्याला पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि सुराची शेपटी गायब होते. झूमवर ऑनलाइन क्लास असेल तर ओरिजिनल साउंड चालू करा.

मींड टेस्ट: दहा मिनिटांचं काम

१. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा आणि तुमचा सा जुळवा.
२. सगळे इफेक्ट बंद ठेवून सा-रे, रे-ग, ग-प अशा संथ मींडा वाजवून रेकॉर्ड करा.
३. आता एकच इफेक्ट चालू करून तेच परत रेकॉर्ड करा.
४. दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका.

इफेक्ट नसलेलं रेकॉर्डिंग सुरात आणि इफेक्टवालं बेसूर वाटलं, तर दोष इफेक्टचा. त्याचं प्रमाण कमी करा, नाहीतर तो यादीतून काढा. दोन्ही बेसूर वाटली, तर कोणताही पेडल विकत घेऊन उपयोग नाही, दांडीचा सराव वाढवा. ही टेस्ट तुम्हाला फुकटात सांगते की पैसे कुठे घालायचे आणि वेळ कुठे.

दोन रेकॉर्डिंग जरूर ऐका

पहिलं, 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि राय कूडर यांची स्लाइड गिटार. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या एका चॅपलमध्ये रेकॉर्ड झालेला हा अल्बम. पुढे त्याला ग्रॅमी मिळाला. इथे वास्तूचा स्वतःचा घुमारा आहे आणि प्रत्येक मींड स्वच्छ ऐकू येते.

दुसरं, ब्रायन ईनो यांचा १९८३ चा 'अपोलो'. त्यात डॅनियल लॅन्वा यांची पेडल स्टील अवकाशात तरंगल्यासारखी वाटते. घुमारा भरपूर आहे, पण वादन संथ आहे आणि स्वर मोजके आहेत, म्हणून सूर एकमेकांवर चढत नाहीत. घुमारा जितका जास्त, तितकं वाजवायचं कमी, हे यातून शिकायचं.

थोडक्यात, खरेदीचा क्रम

आधी वायरचे हेडफोन आणि ऑडिओ इंटरफेस. मग वॉल्यूम पेडल. त्यानंतर रिव्हर्ब, तोही अँपमध्ये आधीच नसेल तरच. डिले शेवटी, तोही फोनवर महिनाभर वापरून तुमचं टायमिंग आणि प्रमाण पक्कं झाल्यावर. तोपर्यंत तुम्हाला कळलेलं असेल की कोणते आकडे फिरवता येणारं पेडल लागणार आहे, आणि ऑनलाइन ऑर्डर करताना फोटोच्या भरवशावर राहावं लागणार नाही.

आज संध्याकाळी एवढंच करा: तानपुरा लावा, इफेक्ट सगळे बंद करा आणि सा वरून रे वर संथ सरका. तो सूर नीट लागला की इफेक्ट निवडणं बरंच सोपं होतं.