ना प्रेत, ना पत्ता

२४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनात लष्करानं सत्ता बळकावली आणि रात्री-अपरात्री घरांतून माणसं उचलली जाऊ लागली. ना वॉरंट, ना आरोप. घरच्यांनी पोलीस ठाणी, छावण्या, कोर्टं पालथी घातली. उत्तर एकच, असा कुणी आमच्याकडे नाही. मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही. ही टांगणी कोठडीहून कमी छळाची नव्हे.

३० एप्रिल १९७७ला अशा बेपत्ता मुलांच्या शोधातल्या १४ बायका ब्यूनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात जमल्या. घोळक्यानं उभं राहायला मनाई, म्हणून दोघी-दोघी चालू लागल्या. पुढे डोक्याला पांढरा रुमाल आला. मुळात तो बाळाचा लंगोट! त्यांच्या म्होरक्या असुसेना व्हियाफ्लोर यांनाच त्या डिसेंबरात उचललं. त्यांच्या अवशेषांची ओळख पटली २००५मध्ये.