ट्रॉलीचं चाक गुरगुरायलंय? मग आधी गाणे बंद करा

ज्यांना आजचा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला भाग. आजचा विषय आपल्या परभणीकडच्या घरोघरचा आहे : ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे बेअरिंग.

आधी माझीच फजिती सांगतो. मागच्या हंगामात मी आणि काका ऊस घेऊन गंगाखेडकडं निघालो होतो. रात्रीचे अकरा. ट्रॅक्टरवर गाणे जोरात. मधेच ट्रॉली एका बाजूला ओढायला लागली, कर्र असा आवाज झाला आणि डावं चाक तिरपं होऊन जाम! भरलेली ट्रॉली अर्ध्या रस्त्यात, वर लाईट नाही. मागून मोटारसायकली येत होत्या. काका आणि मी दोन बाजूंना मोबाईलची बॅटरी हलवत दोन तास उभे होतो. एक जोडपं लेकराला घेऊन अगदी हातभर अंतरावरून वाचलं. त्या लेकराचं तोंड मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी हब उघडला. आतलं बेअरिंग निळं-काळं पडलेलं, रोलर फुटलेले. मी म्हणलं, "मामा, अचानकच गेलं बघा." ते हसले. "बाबू, बेअरिंग अचानक जात नसतंय. ते आठ दिवसांपासून ओरडायलं होतं. तुम्ही गाणे लावून बसलते."

बेअरिंग करतं काय?

बैलगाडीच्या आसाला आपले आजोबा वंगण घालायचे. कारण एकच : चाक आणि आस एकमेकांवर घासले की झीज होते आणि गरमी तयार होते. बेअरिंगमध्ये घासण्याऐवजी मधले रोलर गोल फिरतात, म्हणून चाक हलकं चालतं.

ट्रॉलीत बहुतेक वेळा टेपर बेअरिंग असतं. त्याचे रोलर एका टोकाला बारीक असतात. तिरपे बसल्यामुळं ते वरचं वजनही पेलतात आणि वळताना बाजूनं येणारा दाबही. गंमत म्हणजे १८९८ साली अमेरिकेत याचं पेटंट घेणारे हेन्री टिमकेन हे घोडागाड्या बनवणारे होते. वळताना गाडीच्या चाकावर येणारा तो बाजूचा दाब हीच त्यांची अडचण होती. म्हणजे आपला आणि त्यांचा प्रश्न एकच!

प्रत्येक हबमध्ये दोन बेअरिंग : आतलं मोठं, बाहेरचं लहान. चार चाकी ट्रॉली असेल तर एकूण आठ. ट्रॉलीचं नेहमीचं चाक एका किलोमीटरला साधारण साडेतीनशे फेरे मारतं. चाळीस किलोमीटरच्या खेपेला झाले चौदा हजार फेरे, तेही कित्येक टन ऊस डोक्यावर घेऊन.

ते खराब का होतं?

पहिलं कारण पाणी. लांबून आलेली ट्रॉली तशीच ओढ्यात घातली की गरम हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी, काळा चिखल आत ओढला जातो. मग पावसाळाभर ट्रॉली उभी राहते आणि आत गंज चढतो.

दुसरं कारण जुनं, कडक झालेलं ग्रीस. तिसरं, नट फार आवळणं. आपल्याकडं "टाईट म्हणजे पक्कं" असा समज आहे. पण लोखंड तापलं की फुगतं. आधीच गच्च आवळलेल्या बेअरिंगला मग जागाच उरत नाही.

कसं ओळखायचं?

गाणे बंद करून मोकळ्या रस्त्यावर कान द्या. गुरगुर येते का? खेप संपल्यावर चारही हबजवळ हात न्या. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथं गडबड आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे ओघळ दिसले तर सील गेलं समजा. शेवटी रिकामी ट्रॉली जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. खडखड हललं तर उघडायची वेळ झाली.

उघडताना

ट्रॉली रिकामी, जमीन सपाट, ट्रॅक्टर जोडलेला आणि ब्रेक लावलेला. बाकीच्या चाकांना दगडाची ओट द्या. काळ्या रानात जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी घ्या. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका, आसाखाली लाकडी ठोकळा लावाच.

टोपी काढा, कॉटर पिन काढा, नट सोडा, हब बाहेर ओढा. सगळं डिझेलनं धुवून पुसा. रोलरवर किंवा बाहेरच्या वाटीवर खड्डे, गंज, निळे डाग दिसले तर बेअरिंग बदला. नुसती आतली रिंग बदलून जुनी वाटी ठेवू नका, जोडी एकत्रच बदलायची. दुकानात जाताना रिंगवरच्या नंबरचा मोबाईलवर फोटो काढा. नंबर ३०२१० असेल तर शेवटच्या १० ला ५ नं गुणा : आतलं भोक ५० मिलिमीटर. माप चुकायला नको.

नवी वाटी तिरपी ठोकू नका, चारी बाजूंनी सारखी बसवा. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहा, रोलरमधून ग्रीस वर येईपर्यंत. वरून फासलेलं ग्रीस कामाचं नाही. वेगवेगळ्या जातीचे ग्रीस मिसळू नका. सील दर वेळी नवंच, आणि त्याची ओठासारखी कड ग्रीसच्या बाजूला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चाक फिरवत फिरवत नट आवळा. चाक जड झालं की थांबा. मग नटाची खाच पिनच्या भोकाशी जुळेल एवढा नट किंचित सैल करा. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण खडखडलं नाही पाहिजे. कॉटर पिन नवीनच टाका. जुन्या पिनेपायी चाक निघून जाऊ शकतं. पहिल्या खेपेनंतर हबची गरमी आणि चाकाची हालचाल पुन्हा बघा.

पहिल्यांदा करत असाल तर मिस्त्रींच्या शेजारी बसून करा. मी पण तसंच शिकलो.

जाता जाता

दसऱ्याला आपण ट्रॉली धुतो, झेंडूचा हार घालतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत ऊसतोड सुरू होते. तर यंदा मोबाईलवर रिमाइंडर लावा : हार घालायच्या आदल्या दिवशी हब उघडायचे. मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टरही लावून टाका.

काका आता ट्रॅक्टरवर बसले की आधी एक किलोमीटर गाणे लावू देत नाहीत. म्हणतात, "आधी चाकाचं ऐक, मग गाण्याचं."

भेटू पुढच्या भागात. राम राम!